एकच गिऱ्हाईक असलेला बाजार: मोंटेनेग्रोचा कार्बन व्यापार कुणी समजावून सांगेल का?

मिरजकरीण (पोदगोरित्सा)

नमस्कार मंडळी. इथे वीज, पोलाद, निर्यात या लाइनीतले बरेच जण आहेत म्हणून विचारते. माझी अडचण हिशेबाची आहे, पर्यावरणाची नाही, त्यामुळे 'ताई झाडं लावा' असं कुणी लिहू नका.

मी धंद्याने हिशेबनीस. चार वर्षं झाली, मोंटेनेग्रोच्या राजधानीत राहते. नवरा जहाजावर, मी इथल्या एका लहानशा कचेरीत लोकांच्या वह्या तपासते. देश केवढा, तर २०२३ च्या जनगणनेत ६ लाख २३ हजार माणसं. आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतच २०११ साली ५ लाखांवर होती. तर अशा या देशाला युरोपीय संघात जायचंय. २०१२ पासून वाटाघाटी चालू आहेत, आता २०२८ चा वायदा आहे. नाणं मात्र कधीपासून युरोच वापरतात, कुणाला न विचारता. लग्न ठरायच्या आधीच मंगळसूत्र घालून फिरावं, तसं.

संघात जायचं तर तिथले कायदे आधी घरी लावून दाखवावे लागतात. त्यात कार्बन व्यापारही आला. यांनी २०१९ च्या अखेरीस कायदा केला, २०२० च्या फेब्रुवारीत नियम काढले. धुराड्यातून जेवढे टन कार्बन डायऑक्साइड जाईल, तेवढे परवाने हवेत. काही फुकट मिळतात, बाकीचे लिलावात घ्यायचे. लिलावाचा तळभाव टनामागे २४ युरो.

इथवर कळलं. माझे वडील साखर कारखान्याच्या अकौंट्स खात्यात होते, त्यामुळे कोट्याचा व्यापार मला घरातूनच माहीत. उत्तर प्रदेशातल्या कारखान्याला बंदर लांब पडतं. तो आपला निर्यातीचा कोटा आपल्याकडच्या कारखान्याला देतो, बदल्यात देशात विकायचा कोटा घेतो आणि वर फरकाचे पैसे. ज्याला जे स्वस्तात जमतं ते त्यानं करावं, एवढीच त्यातली अक्कल. पण तिथे कारखाने शेकड्यांनी आहेत, म्हणून तर भाव ठरतो.

इथे गंमत बघा. नियमात बसणारे कारखाने देशात मिळून तीन. एक, प्लेव्ल्याचं कोळशाचं वीज केंद्र. दोन, पोदगोरित्साजवळचा अॅल्युमिनियम कारखाना, ज्याला सगळे नुसतं 'कोंबिनात' म्हणतात. तीन, निकशिचचा पोलाद कारखाना. २०२१ संपता संपता कोंबिनातच्या भट्ट्या थंडावल्या. निकशिचचा कारखाना पुढे सरकारी वीज कंपनीनेच विकत घेतला. आणि प्लेव्ल्याचं केंद्र त्याच वीज कंपनीचं, खालची कोळशाची खाणसुद्धा तिचीच. म्हणजे तीन खेळाडूंतला एक झोपला, उरलेले दोघे एकाच घरचे आणि पत्ते वाटणारा त्यांचा बाप.

सरकार परवाने विकतं, सरकारची कंपनी ते घेते, पैसे सरकारी तिजोरीत आणि पर्यावरण निधीत जातात. वर्षाअखेरी कंपनीचा नफा तेवढ्याने घटतो, म्हणजे सरकारला मिळणारा लाभांश घटतो. मी कागदावर दोन बाजू मांडल्या आणि वजाबाकी केली, तर खाली जवळजवळ शून्य आलं. या खिशातून काढून त्या खिशात टाकल्यासारखं.

गेल्या जानेवारीत साहेबांबरोबर प्लेव्ल्याला जाऊन आले. कोलाशिन, मोइकोवात्स, मग ताराच्या दरीवरचा तो १९४० सालचा कमानींचा पूल. गाडीतून खाली बघवत नाही, नदी म्हणजे हिरव्या दोऱ्यासारखी. तिथून पुढे घाट चढून खाली उतरलो आणि एकदम सगळं दिसेनासं झालं. गाव खोल वाटीत वसलंय. हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, तिच्यावर धूर बसतो. सोळाव्या शतकातल्या हुसेन पाशाच्या मशिदीचा मिनार केवढा उंच, पण दहा वाजेपर्यंत त्याचं टोक दिसेना. घराघराच्या अंगणात ताडपत्रीखाली कोळशाचा ढीग. एक आजी घमेल्यात कोळसा भरत होती, आमच्याकडे बघून म्हणाली, 'केंद्राचा धूर निदान वर जातो, आमचा इथेच राहतो.' परत आल्यावर माझ्या लोकरी टोपीचा वास दोन धुण्यांत गेला नाही.

आणि हे सगळं कुठे? तर ज्या देशाने १९९१ साली झाब्ल्याकला बसून स्वतःला 'पर्यावरणीय राज्य' म्हणून जाहीर केलं तिथे. झाब्ल्याक त्या वाटीपासून फार लांबही नाही.

तर प्रश्न असा. एकच गिऱ्हाईक आणि विकणाराही त्याच घरचा, याला बाजार म्हणायचं का? की ही नुसती परीक्षेपुरती पाठांतराची वही आहे?

---

ग्राझचा_वायरमन

वजाबाकी बरोबर आहे तुमची. फक्त ती २०२० ची आहे.

मी ऑस्ट्रियात वीज खरेदी-विक्रीच्या कामात आहे, बाल्कनचे आकडे रोज डोळ्यांखालून जातात. आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल: हो, ती परीक्षेचीच वही आहे. बाजार नाहीच तो, बाजाराचे कपडे घातलेला कर आहे. ज्या लिलावात एकच बोली लागते, तिथे तळभाव हाच भाव. त्यांनी निदान तळ बरा धरला. २०२० च्या सुरुवातीला युरोपात परवाना २४-२५ युरोच्याच आसपास होता, म्हणजे त्या दिवशी नक्कल हुबेहूब होती. मग मूळ प्रत पळाली. २०२३ च्या फेब्रुवारीत युरोपातला भाव १०० युरोच्या वर गेला आणि इकडे वहीत २४ च लिहिलेले. तरीही शेजारपाजार बघता २४ हा आकडा लाजायचा नाही. युक्रेनने कर लावलाय तो टनाला ३० रिव्निया, म्हणजे एक युरोसुद्धा नाही.

आता खिशाचं. या खिशातून त्या खिशात हे खरं कधी असतं? दोन्ही खिसे एकाच सदऱ्याला असतील तेव्हा. १ जानेवारी २०२६ पासून तिसरा माणूस आलाय, त्याचा हात मोकळा आहे आणि सदरा त्याचा नाही.

युरोपच्या सीमेवरचा कार्बन शुल्काचा नियम, ज्याला सगळे सीबॅम म्हणतात, त्यात सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज आहे. वीज! बाकीच्या माल निर्यात करणाऱ्या देशांना हा शेवटचा शब्द दिसतही नाही. मोंटेनेग्रोला दिसतो, कारण त्यांच्या लास्त्वा गावातून समुद्राखालून इटलीपर्यंत केबल गेली आहे, ६०० मेगावॅटची, ४०० किलोमीटरच्या वर, २०१९ पासून चालू. त्यांच्याकडे पाऊस चांगला झाला की पिवा आणि पेरुचित्सा ही दोन जलविद्युत केंद्रं दणकून चालतात, कोळसाही चालू असतो आणि उरलेली वीज बाहेर जाते. आता इटलीतला घेणारा म्हणतो, या विजेबरोबर धुराचा हिशेब दे, नाहीतर ठरलेल्या आकड्याने शुल्क लागेल. ते शुल्क भरणार तो, पण कापणार तुमच्या भावातून. आमची वीज पाण्याची आहे म्हणालात तरी ते सिद्ध करायच्या अटी इतक्या कडक आहेत की भल्याभल्यांना जमत नाही. तारेत शिरली की विजेला गाव राहत नाही.

म्हणून तुमच्या वजाबाकीत तिसरा स्तंभ घाला: जो पैसा घरात घेतला नाही, तो सीमेवर दुसरा कुणीतरी घेणार. मूळ देशात खरोखर भरलेली कार्बनची किंमत सीबॅममधून वजा मिळते. पोदगोरित्साच्या तिजोरीत गेलेले २४ युरो निदान प्लेव्ल्याच्या घराघरांत उष्णता द्यायला वापरता येतील. ब्रुसेल्सच्या तिजोरीतून ते परत आणायला अर्ज करावे लागतात.

विजेसाठी आणखी एक पळवाट ठेवलेली आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. तुमचा वीजबाजार युरोपच्या बाजाराशी पुरता जोडला गेला, युरोपचे वीज कायदे लागू केलेत, २०५० चं कार्बन-तटस्थतेचं वचन दिलंत आणि २०३० पर्यंत युरोपच्या तोडीचा भाव असलेला कार्बन व्यापार उभा केलात, तर विजेला सूट मिळू शकते. तोडीचा भाव! २४ नव्हे.

आता एक हिशेब करा. कोळशाच्या एका मेगावॅट-तासाला साधारण एक टन धूर, तिथला कोळसा धरला तर थोडा जास्तच. समजा परवाना ७० युरो. म्हणजे मेगावॅट-तासामागे ७० युरो फक्त धुराचे. वर खाण, पगार, दुरुस्ती. बाल्कनच्या बाजारात वीज १०० च्या आसपास विकली गेली तरी हातात काय राहतं ते तुम्हीच सांगा, हिशेबनीस तुम्ही आहात. त्या दिवशी खिसा कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. केंद्र चालू ठेवावं की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

---

फुकटसल्ला

एवढा खटाटोप कशाला? सरळ कर लावा ना. परवाने, लिलाव, नोंदवही, पडताळणी... ६ लाख माणसांच्या देशाला एवढे कारकून परवडतात?

---

ग्राझचा_वायरमन

@फुकटसल्ला, कर सोपा पडला असता, मान्य. पण संघात गेल्यावर नुसता कर लावून चालत नाही, व्यापारातच उतरावं लागतं. क्रोएशिया १ जुलै २०१३ ला सदस्य झाला, पण युरोपच्या कार्बन व्यापारात त्याला १ जानेवारीपासूनच घेतलं होतं. सहा महिने आधी! म्हणजे सदस्यत्वाच्या दिवशी नोंदवही, पडताळणारे, लिलावाची खाती सगळं तयार लागतं. कारकून परवडतात की नाही हे ते विचारत नाहीत.

दुसरं म्हणजे बाल्कनचे हे देश एनर्जी कम्युनिटी नावाच्या करारात २००६ पासून आहेत, त्याची कचेरी व्हिएन्नात आहे. संघाचे ऊर्जेचे कायदे सदस्यत्वाआधीच लागू करायचे, असा तो करार. त्याची ताकद किती, याचं उदाहरण प्लेव्ल्याचंच आहे. जुन्या केंद्राला धूर-गाळणी न बसवता २०१८ ते २०२३ मध्ये २०,००० तास चालायची मुभा होती. ते तास २०२० च्या अखेरीसच संपले. व्हिएन्नाने कारवाई सुरू केली, पत्रं गेली, आणि केंद्र चालूच राहिलं. देशाच्या विजेतला साधारण ४० टक्के भाग तिथून येतो, ऐन हिवाळ्यात बटण कोण दाबणार? तेव्हा नियमाचं पत्र एकीकडे आणि भावाचा आकडा एकीकडे. मला विचाराल तर आकड्याला लोक जास्त घाबरतात.

---

भोसरी_७३१८

ताई, मी तुमच्या देशाचं नाव या धाग्यावरच नीट वाचलं. पण सीबॅम म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आमचा बोल्टचा कारखाना आहे, भोसरी एमआयडीसीत. आयडीतला आकडा जकातीचा कोड आहे, नट-बोल्ट-स्क्रू त्यात येतात, आणि दुर्दैवाने तो कोड सीबॅमच्या यादीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या जर्मन गिऱ्हाइकाकडून एक एक्सेल शीट आली. उघडली तर एकामागे एक टॅब. मी आणि आमचे क्वालिटीचे साहेब दोघं दोन रविवार बसलो. त्यात विचारलं होतं: तुमच्या मालात टनामागे किती कार्बन गुंतलेला आहे.

आता आमच्याकडे होतं काय? वायर रॉड येतो, तो ओढतो, हेडिंग मशीनवर डोकं मारतो, आटे पाडतो, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, डब्यात भरून रवाना. हीट ट्रीटमेंटची भट्टी विजेवर आहे आणि पोलादाच्या मालात विजेचा धूर शुल्कात धरत नाहीत. म्हणजे आमच्या शेडमधला धूर जवळजवळ काही नाहीच, सगळा धूर वायर रॉडच्या पोटात बसून येतो. तो आकडा रॉड बनवणाऱ्या मोठ्या मिलकडून हवा. मी मिलच्या डीलरला फोन केला तर तो म्हणाला, 'शेठ, पाच टन माल घेता आणि कार्बन विचारता?' आकडा मिळाला नाही की ठरलेला डिफॉल्ट आकडा लावतात आणि तो आपल्या फायद्याचा नसतो, एवढं लिहून ठेवा.

लहान गिऱ्हाइकं सुटली, कारण वर्षाला ५० टनांच्या आत आणणाऱ्या आयातदाराला आता माफी आहे. आमचं मोठं गिऱ्हाईक काही ५० मध्ये बसत नाही. त्यामुळे एक्सेल शीट दर वर्षी येणार.

खिशाबद्दल वायरमन म्हणतात ते आम्ही इथे अनुभवतोय. आपल्याकडे कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम २०२३ ला आली, ऑक्टोबर २०२५ ला पहिली लक्ष्यं निघाली ती सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कलीची. पोलाद त्या पहिल्या यादीत नव्हतं. म्हणजे मला युरोपला दाखवायला 'इथे भरलंय' अशी पावतीच नाही. ज्या देशाकडे २४ युरोची का होईना पावती आहे, तो माझ्यापुढे आहे. तुम्हाला तो पाठांतराचा कागद वाटतो, मला तो पाहिजे आहे!

बाय द वे, निकशिचला पोलाद कसलं काढायचे? बारचं की वायरचं?

---

निवृत्त_बॉयलर

लेकी, एक वेगळी बाजू सांगतो. ३४ वर्षं विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात काढली, शेवटची नऊ कोळसा हाताळणीत. कुठलं केंद्र ते विचारू नकोस.

तुम्ही सगळे भावावर बोलताय. टन मोजला कुणी?

लोकांना वाटतं चिमणीला कसलं तरी मीटर असतं आणि त्यावर कार्बनचे आकडे फिरतात. बऱ्याच ठिकाणी धूर मोजत नाहीत, कोळसा मोजतात. किती टन जाळला, त्याचा उष्मांक काय, त्यात कार्बन किती, राखेत न जळलेला किती गेला, यांच्या गुणाकारातून धुराचे टन निघतात. म्हणजे तुझा सगळा बाजार दोन गोष्टींवर उभा आहे, बेल्ट वेअर आणि कोळशाचा नमुना.

बेल्ट वेअर म्हणजे पट्ट्याखालचा काटा. पट्टा पळतो, खालचा रोलर दाबला जातो, त्यावरून टन निघतात. पट्टा ओला झाला, रोलरला भुकटी चिकटली, पट्ट्याचा ताण बदलला, की काटा थापा मारायला लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात काटा एक सांगायचा आणि वाघिणींचं वजन दुसरं. दर महिन्याला त्यावरून खडाजंगी. एकदा एका तरुण इंजिनिअरने हिशेब जुळेना म्हणून रात्री दोनला पट्टा थांबवून रोलर हाताने पुसला. दुसऱ्या दिवशी आकडा सुधारला आणि त्याला मेमो मिळाला, पट्टा थांबवला म्हणून.

नमुन्याचं तर विचारू नकोस. ढिगाच्या वरून घेतला तर वाळलेला, खालून घेतला तर ओला. तोच कोळसा, दोन उष्मांक.

आता तुझ्याच आकड्यांनी बघ. समजा केंद्र वर्षाला १० लाख टन धूर सोडतं. काट्यात फक्त १ टक्का फरक, म्हणजे १०,००० टन. २४ युरोने २ लाख ४० हजार युरो. ७० ने सात लाख. पूर्वी काटा चुकला तर खाण आणि केंद्र यांच्यात भांडण व्हायचं, आता काट्यावर सरकारी उत्पन्न बसलंय. इथे तर तू म्हणतेस खाण आणि केंद्र एकाच मालकाचे, म्हणजे भांडायलाही कुणी नाही. म्हणून बाहेरचा पडताळणारा लागतो. फुकटसल्ला विचारतात ना कारकून कशाला, तर यासाठी. कर लावला असता तरी काटा मोजायला माणूस लागलाच असता.

माझं मत असं, की बाजार खोटा असला तरी मोजणं खरं होऊ शकतं. दहा वर्षं नीट मोजलं तर पुढे जो काही भाव येईल तो लावायला जमीन तयार होते. आपल्याकडे घोडं तिथेच अडतं. लक्ष्य ठरतं, भाव ठरतो आणि काटा तसाच, भुकटी लागलेला.

आणि त्या गावातल्या लोकांचं काय ठरलंय? खाण, केंद्र, दोन्हीकडे घरटी माणसं असणार.

---

मिरजकरीण

काका, बेल्ट वेअरचं वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले. माझ्या कागदावर 'टन' हा तयार आकडा होता, सुरुवात तिथूनच. त्याच्या मागे एक ओला पट्टा असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. साखरेतही असंच. बाबा म्हणायचे, उताऱ्यावरून भांडण नको, आधी वजनकाटा बघा.

वायरमनदादा, तिसरा स्तंभ घातला. आता खाली शून्य येत नाही. इटलीकडे किती वीज जाते त्यावर आकडा हलतो, म्हणजे पावसावर हलतो. कोरड्या वर्षी बाहेर पाठवायला वीजच नसते, तेव्हा सीबॅमचा त्रासही कमी. हा हिशेब साहेबांना दाखवला तर ते म्हणाले, म्हणजे आपण दुष्काळाची प्रार्थना करायची का? पिवाच्या धरणाची एक गोष्ट सांगते, विषय निघालाच आहे तर. धरणाच्या पाण्यात जाणारा सोळाव्या शतकातला मठ त्यांनी दगड न् दगड उचलून वर नेऊन परत बांधला, भिंतीवरच्या चित्रांचे तुकडे करून पुन्हा जोडले. उजनीत पळसदेवचं देऊळ पाण्यात गेलेलं बघणाऱ्या आम्हाला ते बघून कसंतरीच होतं.

भोसरीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी ऑफिसातल्या निकशिचच्या एका सहकाऱ्याकडून आणलं. त्याचे वडील तिथेच होते. तो म्हणतो बार. युगोस्लाव्हियाच्या काळात हजारोंनी कामगार होते आणि पाळी सुटली की रस्ता भरून जायचा, हे सांगताना त्याचा आवाज बदलला. पुढे मी विचारलं नाही.

गावातल्या लोकांबद्दल. सरकारने २०२१ मध्ये कोळसा सोडणाऱ्या देशांच्या आघाडीत जाऊन २०३५ चा शब्द दिला आहे. प्लेव्ल्यात कुणाला विचारलं तर खांदे उडवतात. तिथल्या एका हॉटेलवाल्याने साहेबांना विचारलं, 'तुम्ही केंद्र बंद करायला आलात का?' साहेब म्हणाले, नाही, आम्ही फक्त मोजायला आलो. तो म्हणाला, 'सगळे तसंच म्हणतात,' आणि बिलात आमची एक कॉफी जास्त लावली. ती मी वहीत 'किरकोळ' खाली टाकली.

अजून एक अडकलंय, ते वायरमनदादांनी किंवा दुसऱ्या कुणी सोडवावं. फुकट मिळालेले परवाने ताळेबंदात कशात धरायचे? शून्य किमतीने की बाजारभावाने? आणि बाजारच नसेल तर बाजारभाव कुठला?

---

ग्राझचा_वायरमन

इथे कंपन्या दोन्ही प्रकारे करतात, आंतरराष्ट्रीय मानकात याला एकच ठरलेलं उत्तर नाही. शून्यावर धरणारे जास्त दिसतात. म्हणजे फुकट परवाने शून्यावर आणि जेवढे कमी पडतील तेवढ्यांचीच देणी म्हणून तरतूद. तुमच्याकडे बाजारभाव म्हणजे तळभावच, २४. पण टीपेत ते लिहा, नाहीतर उद्या ब्रुसेल्सचा माणूस विचारेल, बाजार कुठाय.

फुकटचे फार दिवस टिकायचे नाहीत हेही धरून चाला. युरोपात सीबॅमच्या मालाचे फुकट परवाने २०२६ ला २.५ टक्क्यांनी कापले, २०३० ला जवळजवळ निम्मे कापलेले असतील, २०३४ ला शून्य. आणि वीज केंद्रांना तर तिथे मुळातच जवळजवळ सगळे विकत घ्यावे लागतात. पोलंडसारख्यांनी सवलत मागून घेतली होती, कोळशावर देश चालतो म्हणून. मोंटेनेग्रोही मागेल. मागायलाच पाहिजे.

---

निवृत्त_बॉयलर

पुन्हा प्लेव्ल्याला गेलीस तर एक कर. ताळेबंद राहू दे, काट्याच्या कॅलिब्रेशनचा दाखला माग. तारीख बघ, सही कुणाची ते बघ, आणि काटा बसवलेली जागा स्वतः जाऊन बघ. बूट जुने घाल.

---

मिरजकरीण

फेब्रुवारीत जाणारच आहे, काका. साहेबांना आजच सांगितलं की मला पट्टा बघायचाय. त्यांनी इथला शब्द शिकवला, कॅलिब्रेशनला 'बाझ्दारेन्ये' म्हणतात. मी म्हटलं हा शब्द यांचा वाटत नाही. शोधलं तर तुर्कांच्या राज्यातला निघाला. बाज म्हणजे जकात, बाजदार म्हणजे ती वसूल करणारा. आपल्या जमादार-फौजदारातलाच 'दार'. काट्यावर शिक्का मारायचा तोही हाच माणूस.

बूट नवऱ्याचे घालीन, इंजिन रूममधले. तसेही काळेच आहेत.